चौकाचे राज्य आणि नळाचे पाणी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मादागास्करच्या राष्ट्रीय सभेने राष्ट्राध्यक्ष आंद्री राजोएलिना यांना पदच्युत करण्याचा ठराव १३० मतांनी संमत केला. तोवर राजोएलिना देश सोडून गेले होते. त्याच दिवशी 'कॅपसॅट' या लष्करी तुकडीचे कर्नल मिकाएल रांद्रियानिरिना यांनी सत्ता हाती घेतल्याचे जाहीर केले आणि तीन दिवसांनी पदाची शपथही घेतली. नेपाळमधील सप्टेंबरचा उठाव तेव्हा ताजा होता. त्यामुळे आपल्याकडे या बातमीकडे 'तरुण पिढीचे आणखी एक बंड' म्हणून पाहिले गेले, आणि ज्यांना आफ्रिकेविषयी जुनी मते उगाळायला आवडतात त्यांनी 'आणखी एक लष्करी उठाव' म्हणून तिची वासलात लावली. दोन्ही वर्णने खोटी नाहीत. मात्र त्यांच्यात एक गोष्ट हरवते. राजोएलिना हे मुळात अंतानानारिवो या राजधानीचे महापौर होते. महापौर म्हणूनच ते राजकारणात आले आणि त्या पदावरून सव्वा वर्षात थेट देशाच्या सत्तेवर पोहोचले. त्यांना खाली खेचणारे आंदोलन सुरू झाले ते राजधानीतील पाण्याच्या आणि विजेच्या प्रश्नावरून. पाणी, दिवे, कचरा, रस्ते हेच कोठल्याही महापौराचे विषय असतात. शहराच्या गाऱ्हाण्यांवर स्वार होऊन वर गेलेला माणूस शहराच्याच गाऱ्हाण्यांनी खाली यावा, हा काव्यगत न्याय म्हणून सोडून देण्याजोगा प्रकार आम्हांस वाटत नाही. त्यामागे एक कारणपरंपरा आहे आणि तीच येथे मांडावयाची आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. अंतानानारिवोच्या महापौराला शहर चालवण्याची साधने कधी मिळाली नाहीत. त्याच्या हाती राहिला तो फक्त शहराचा चौक. त्या चौकाच्या बळावर दोन महापौर राष्ट्राध्यक्ष झाले. राष्ट्राध्यक्ष होताच दोघांनीही, ज्या पदाने आपल्याला वर आणले ते पद दुबळेच राहील अशी व्यवस्था केली. परिणामी शहराला कारभारी मिळाला नाही, आणि देशाला स्थैर्य मिळाले नाही.

'महापौर' हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे झगा, हार आणि उद्घाटनाची फीत येते. आपल्याकडे खरा कारभार आयुक्त पाहतात. मादागास्करची परंपरा फ्रेंच आहे. हे बेट १८९६ ते १९६० या काळात फ्रान्सची वसाहत होते आणि तेथील नगरशासनाचा साचा तिकडूनच आला. फ्रेंच पद्धतीत महापौर हा शहराचा कार्यकारी प्रमुख असतो, पण राजधानीच्या महापौराविषयी तिथल्या सत्तेला पूर्वापार धास्ती वाटत आली आहे. १८७१ च्या कम्यूननंतर थेट १९७७ पर्यंत पॅरिसला निवडून आलेला महापौरच नव्हता. १९७७ मध्ये ते पद जॅक शिराक यांना मिळाले आणि १९९५ मध्ये तेच राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे धास्ती अगदीच निराधार नव्हती. तीच धास्ती आणि तोच मोह अंतानानारिवोतही आढळतो. फरक इतकाच, की पॅरिसच्या महापौराकडे मोठा अर्थसंकल्प आणि मोठी यंत्रणा होती, तर अंतानानारिवोच्या महापौराकडे दोन्ही नव्हते.

शहराची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी आंद्रियानजाका या राजाने वसवलेले हे डोंगरमाथ्यावरचे नगर. नावाचा अर्थ 'हजारांचे नगर', म्हणजे राजाने रक्षणासाठी ठेवलेल्या हजार सैनिकांचे. वरच्या टेकडीवर राजवाडा, उतारांवर घरे आणि खाली इकोपा नदीच्या खोऱ्यातील भातखाचरे. ही खाचरे बुजवून शहर वाढत गेले आणि गरीब वस्ती त्या सखल, पाणथळ भागातच राहिली. २०१८ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १३ लाख होती, तर देशाची सुमारे २ कोटी ५७ लाख. म्हणजे वीस माणसांतले एक राजधानीत राहते. हे प्रमाण वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे.

शहराच्या मध्यभागी अनालाकेली हा बाजाराचा भाग आहे. तेथेच स्वातंत्र्य-मार्गावर वसाहतकाळातील नगरभवन उभे होते. मे १९७२ मध्ये फ्रान्सशी असलेल्या करारांविरुद्ध आणि शिक्षणव्यवस्थेविरुद्ध विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. १३ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला, अनेक जण मेले, आणि संतप्त जमावाच्या उद्रेकात नगरभवन जळाले. पाच दिवसांनी पहिले राष्ट्राध्यक्ष फिलिबेर त्सिरानाना यांनी सर्व अधिकार जनरल रामानांत्सोआ यांच्या हाती दिले. नगरभवनापुढची जागा तेव्हापासून '१३ मे चौक' म्हणून ओळखली जाते. नगरभवन मात्र पुढची जवळजवळ चार दशके पुन्हा बांधले गेले नाही. नागरिकांच्या कामाची इमारत नाहीशी झाली आणि तिच्यापुढचे मोकळे आवार राष्ट्राचे सर्वोच्च न्यायासन बनले. १९९१ मध्ये दिदिए रात्सिराका यांच्या राजवटीविरुद्ध लोक जमले ते याच चौकात. २००२ मध्येही तेच झाले आणि २००९ मध्येही. देशातला कोणताही पक्ष, कोणताही पुढारी हे जाणून असतो, की ज्याचा चौक त्याचे राज्य.

हे सूत्र पहिल्यांदा पुरतेपणी वापरले ते मार्क रावालोमानाना यांनी. सायकलवरून दही विकून व्यवसायाची सुरुवात करणारा आणि पुढे 'टिको' हा दुग्धव्यवसायातील मोठा उद्योग उभारणारा हा गृहस्थ १९९९ च्या अखेरीस अंतानानारिवोचा महापौर म्हणून निवडून आला. राजकारणाचा अनुभव शून्य, पण व्यापाऱ्याची शिस्त अंगात. दोन वर्षांत कचरा उचलला जाऊ लागला, बेकायदा बांधकामांवर हातोडा पडला, रस्ते उजळले. या शिस्तीचा फटका फेरीवाल्यांना आणि झोपडीवाल्यांना बसला हे खरे, तरी 'काम करणारा माणूस' ही प्रतिमा तयार झाली. डिसेंबर २००१ मध्ये ते रात्सिराकांविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. पहिल्याच फेरीत आपल्याला निम्म्याहून अधिक मते पडली असा त्यांचा दावा होता. सरकारी आकड्यांनुसार दुसरी फेरी होणे भाग होते. मग १३ मे चौक भरू लागला. आठवड्यांमागून आठवडे लाखोंची गर्दी जमली, सार्वत्रिक संप झाला आणि २२ फेब्रुवारी २००२ रोजी रावालोमानाना यांनी स्वतःच राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. रात्सिराका तोमासिना या बंदराच्या शहरी गेले. तेथून त्यांच्या समर्थकांनी राजधानीकडे येणारे रस्ते अडवले, पूल उडवले. एप्रिलअखेर घटनात्मक न्यायालयाने फेरमोजणीनंतर रावालोमानाना यांना ५१.४६ टक्के मते देऊन विजयी ठरवले, आणि जुलैत रात्सिराका देशाबाहेर गेले.

त्या निवडणुकीत खरोखर कोणाला किती मते पडली हा वाद येथे उकरण्याचे कारण नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते एवढेच, की मतपेटीचा निकाल चौकाने आधी लावला आणि न्यायालयाने नंतर. महापौरपद ही देशाच्या सत्तेची पायरी आहे हा धडा सर्वांनी घेतला, आणि सर्वांत आधी तो स्वतः रावालोमानाना यांनी घेतला. आपण ज्या शिडीने चढलो त्या शिडीने दुसरा कोणी चढू नये, याची काळजी त्यांच्या पक्षाने राजधानी आपल्या ताब्यात ठेवून घेतली. १२ डिसेंबर २००७ पर्यंत ते साधलेही.

त्या दिवशी झालेल्या पालिका-निवडणुकीत आंद्री राजोएलिना यांनी सुमारे ६३ टक्के मते मिळवून सत्ताधारी पक्षाच्या उमेदवाराचा पराभव केला. वय ३३. उच्चशिक्षणाच्या वाटेस न गेलेला, नाचगाण्याच्या मैफली भरवणारा, जाहिरातफलकांचा व्यवसाय करणारा आणि 'व्हिवा' या रेडिओ-दूरचित्रवाणीचा मालक असलेला हा तरुण. विरोधक त्यांना तबकड्या वाजवणारा म्हणून हिणवत, तर समर्थक फ्रान्समधील वेगवान आगगाडीच्या नावावरून 'तेजेवे' म्हणत. त्यांच्या संघटनेच्या नावाची आद्याक्षरेही तीच होती आणि त्या नावाचा अर्थ 'सज्ज मालागासी तरुण' असा होता. घरात नाही पाणी, रस्त्यावर नाही दिवा आणि दूरचित्रवाणीवर मात्र राष्ट्राध्यक्षांच्या उद्योगांचा पसारा, याला विटलेल्या शहराने या तरुणास निवडले.

आता पुढची घटना नीट पाहावी. पदग्रहणानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी २००८ च्या आरंभी, 'जिरामा' या सरकारी कंपनीने पालिकेच्या थकबाकीपोटी शहरातील सार्वजनिक पाणीपुरवठा आणि रस्त्यांवरील दिवे तोडले. जिरामा हे नाव 'मालागासी प्रकाश आणि पाणी' अशा अर्थाच्या शब्दांपासून बनले आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी देशभरच्या मुख्य शहरांना वीज आणि पाणी पुरवते. तिचा मालक केंद्र सरकार. राजधानीला पाणी मिळते ते इकोपातून उचलून मांद्रोसेझा येथे शुद्ध केलेले, आणि त्या केंद्रावर महापौराची कसलीही सत्ता नाही. लोकांच्या नळाला पाणी आले नाही तर लोक महापौराच्या नावाने खडे फोडतात. महापौर जिरामाला पत्र लिहितो, आणि जिरामा मंत्र्यांकडे पाहते. राजोएलिना यांनी हिशेब तपासायला लावले, तेव्हा जिरामाही पालिकेचे देणे लागते असे निघाले आणि तो पेच त्या वेळेपुरता सुटला. पण नव्या महापौराला आपल्या पदाची मर्यादा पहिल्याच महिन्यात कळली असणार. शहराची वीज, पाणी, मोठे रस्ते, पोलीस आणि बहुतांश पैसा यांपैकी काहीच त्याच्या हाती नव्हते.

हाती होते ते बाजार, बागा आणि चौक. आणि खासगी मालकीची दूरचित्रवाणी. १३ डिसेंबर २००८ रोजी सरकारने ती वाहिनी बंद केली, कारण तिने परागंदा रात्सिराकांची मुलाखत दाखवली. राष्ट्राध्यक्षांच्या विरुद्ध असंतोष त्याआधीच साचला होता. सुमारे ६ कोटी डॉलरांचे दुसरे विमान त्यांनी खरेदी केले होते. दक्षिण कोरियातील देवू लॉजिस्टिक्स या कंपनीला १३ लाख हेक्टर जमीन ९९ वर्षांच्या कराराने देण्याचा बेत नोव्हेंबरमध्ये उघड झाला होता. जेथे जमीन म्हणजे पूर्वजांची भूमी मानली जाते, तेथे या बातमीने काय झाले असेल हे निराळे सांगायला नको. १७ जानेवारी २००९ रोजी महापौरांनी अंबोहिजातोवो येथील बागेत सभा घेऊन तिला 'लोकशाही चौक' असे नाव दिले. हा त्यांच्या अधिकारातला विषय होता. शहराला पाणी देण्याची शक्ती नसलेल्या महापौराला बागेचे नाव बदलण्याची शक्ती होती, आणि ती त्यांनी वापरली.

पुढचा क्रम वेगवान आहे. २६ जानेवारीला जाळपोळ आणि लूट झाली, सरकारी नभोवाणीचे केंद्र आणि टिकोची दुकाने जळाली, कित्येकांचे प्राण गेले. ३१ जानेवारीस महापौरांनी देशाची सूत्रे आपण हाती घेत असल्याचे जाहीर केले. ३ फेब्रुवारीस सरकारने त्यांना महापौरपदावरून बडतर्फ करून शहरावर नेमणुकीचे मंडळ आणले. ७ फेब्रुवारीस जमाव चौकातून अंबोहित्सोरोहित्रा राजवाड्याकडे निघाला आणि रक्षकांनी गोळ्या झाडल्या. किमान २८ माणसे मेली. मार्चमध्ये कॅपसॅटच्या सैनिकांनी आज्ञा पाळण्याचे नाकारले. १७ मार्च २००९ रोजी रावालोमानाना यांनी लष्करी अधिकाऱ्यांच्या मंडळाकडे सत्ता सोपवली आणि त्या मंडळाने ती राजोएलिना यांच्या स्वाधीन केली. राज्यघटनेप्रमाणे राष्ट्राध्यक्षाचे वय किमान चाळीस हवे होते. यांचे चौतीस होते. घटनात्मक न्यायालयाने तरीही मान्यता दिली.

या प्रसंगाविषयी दोन मते आढळतात. एका मते ती क्रांती होती, दुसऱ्या मते गर्दीच्या आडून झालेला लष्करी उठाव. रावालोमानाना यांचा कारभार मनमानीचा होता, राज्य आणि कंपनी यांतली सीमारेषा त्यांनी पुसली होती, देवू प्रकरण लज्जास्पद होते, हे सर्व आम्हांस मान्य आहे. त्यांच्या रक्षकांनी निःशस्त्र लोकांवर झाडलेल्या गोळ्यांचे समर्थन कोणासही करता येणार नाही. मात्र त्या गर्दीला बंदुकांच्या दिशेने जाऊ देणाऱ्या पुढाऱ्यांची जबाबदारीही यामुळे संपत नाही. आणि मूळ प्रश्न राहतोच: वीसातल्या एका माणसाच्या शहराने उरलेल्या एकोणीस जणांचा राज्यकर्ता कोणत्या अधिकाराने बदलावा? तोमासिना, महाजांगा, तोलियारा येथील लोकांना कोणी विचारले नाही. दक्षिणेतल्या दुष्काळी मुलखातील गुराख्याला तर राज्य बदलल्याचे रेडिओवरच कळले असेल. १९९१, २००२ आणि २००९ या तिन्ही वेळी 'जनता' या शब्दाचा प्रत्यक्ष अर्थ 'राजधानीतली जनता' असा होता. आफ्रिकी संघाने मादागास्करला निलंबित केले, मदत थांबली आणि अमेरिकी बाजारातील सवलत गेल्याने तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो कामगार, त्यांतही बहुसंख्य स्त्रिया, बेकार झाले. चौकाच्या निर्णयाचे मोल चौकाबाहेरच्यांनीही मोजले.

यानंतरचा भाग आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतो. ज्याला महापौर म्हणून सरकारने अडवले, बडतर्फ केले, तो माणूस आता सरकार होता. आपल्या जुन्या पदाला अधिकार, पैसा आणि मान देण्याची संधी त्याच्याइतकी कोणाला नव्हती. राजोएलिना यांनी काय केले? त्यांनी जळालेले नगरभवन पुन्हा बांधले. २०१० मध्ये, तब्बल अडतीस वर्षांनी, ती देखणी इमारत उभी राहिली. परंतु त्या इमारतीत बसायला निवडून आलेला महापौर नव्हता. २००९ ते २०१५ या काळात राजधानीत महापौरपदाची निवडणूकच झाली नाही आणि शहर नेमलेल्या मंडळांच्या हाती राहिले. लोकनियुक्त महापौर म्हणून ज्याने आपल्या बडतर्फीविरुद्ध रान उठवले, त्याच्या राजवटीत शहराला लोकनियुक्त महापौर मिळाला नाही. इमारत बांधणे आणि संस्था बांधणे यांतील अंतर याहून स्पष्ट कशाने दिसावे?

मग २०१५ मध्ये निवडणूक झाली. दोन्ही माजी महापौर २०१३ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत आंतरराष्ट्रीय दबावामुळे उभे राहिले नव्हते आणि हेरी राजाओनारिमांपियानिना सत्तेवर होते. राजधानीने निवडले कोणाला? मार्क रावालोमानाना यांच्या पत्नी लालाओ यांना. २०१८ च्या अखेरीस दोन माजी महापौर राष्ट्राध्यक्षपदासाठी समोरासमोर आले आणि राजोएलिना ५५.६६ टक्के मते मिळवून जिंकले. २०१९ मध्ये राजधानी त्यांच्या गोटाकडे गेली. डिसेंबर २०२४ मध्ये महापौरपदासाठी रावालोमानाना यांचे पुत्र उभे होते आणि राजोएलिना यांच्या बाजूच्या उमेदवाराने त्यांना हरवले. पंचवीस वर्षे एका शहराचे महापौरपद दोन घराण्यांतील, दोन गटांतील सोंगटी होऊन राहिले. निवडणूक शहराच्या गरजांवर लढली जात नव्हती. पुढचा राष्ट्राध्यक्ष कोण याची ती रंगीत तालीम होती.

राष्ट्राध्यक्ष राजोएलिना यांच्या राजधानीविषयीच्या कल्पना मैफली भरवणाऱ्याच्याच राहिल्या. अंबोहित्रिमांजाका येथील भातखाचरांवर नवे नगर वसवण्याचा बेत त्यांनी केला आणि २०१९ मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले. जुन्या राजवाड्याच्या पवित्र आवारात रोमन धर्तीचे प्रेक्षागार बांधले आणि जाणकारांचा रोष ओढवून घेतला. सर्वांत गाजला तो आकाशपाळण्यांचा मार्ग. शहरातील वाहतूककोंडीवर उपाय म्हणून फ्रेंच कर्जातून सुमारे १५ कोटी २० लाख युरो खर्चाचा हा प्रकल्प उभारला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. वाहतूककोंडी खरी होती आणि डोंगराळ शहरात असे मार्ग इतरत्र उपयोगी पडलेही आहेत. पण ज्या घरांवरून हे पाळणे जाणार होते त्या घरांत दिवसाचे कित्येक तास वीज नव्हती आणि पहाटे तीनला उठून पिवळ्या डब्यांत पाणी भरावे लागत होते. जिरामा कर्जात बुडाली होती, जनित्रे जुनी झाली होती, नळ शहराच्या वाढीस पुरत नव्हते. देशातील जेमतेम तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांपर्यंत वीज पोहोचते, आणि ज्यांच्यापर्यंत पोहोचते त्यांनाही ती मिळत नव्हती. पाण्याच्या जुन्या वाहिन्या बदलण्याचे काम उद्घाटनाच्या फितीच्या कामाचे नसते. ते जमिनीखाली, हळूहळू, कोणाच्या नजरेस न पडता करावे लागते. असे काम करण्यासाठी शहराला स्वतःचा, उत्तरदायी, साधनसंपन्न कारभारी लागतो. तोच कोणी निर्माण होऊ दिला नव्हता.

सप्टेंबर २०२५ मध्ये राजधानीच्या पालिकेतील दोन नगरसेवकांनी पाणी-विजेच्या प्रश्नावर शांततेने निदर्शने करण्याचे ठरवले आणि त्यांना अटक झाली. या घटनेकडे बाहेरच्या वृत्तपत्रांचे फारसे लक्ष गेले नाही. आमच्या मते ती सर्वांत अर्थपूर्ण आहे. नळाला पाणी मागणे हे नगरसेवकाचे पहिले कर्तव्य होय, आणि एकेकाळी जिरामाने ज्याच्या शहराचे पाणी तोडले त्या महापौराच्या सरकारने त्यांना पकडले. २५ सप्टेंबरला तरुण मोठ्या संख्येने रस्त्यावर आले. त्याच दिवशी आकाशपाळण्यांची काही स्थानके जळाली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने पहिल्या काही दिवसांतच किमान २२ मृत्यू नोंदवले. सरकारने तो आकडा नाकारला. राजोएलिना यांनी मंत्रिमंडळ बरखास्त केले, सेनाधिकाऱ्यास पंतप्रधान नेमले, पण लोक हटले नाहीत. ११ ऑक्टोबरला कॅपसॅटचे सैनिक आंदोलकांबरोबर १३ मे चौकात आले. २००९ मध्ये राजोएलिना यांना सत्तेवर बसवणारी हीच तुकडी होती, आणि चौकही तोच.

कोणी म्हणेल, हा सर्व व्यक्तींचा दोष आहे. एक व्यापारी, दुसरा मनोरंजनाचा ठेकेदार. चांगली माणसे मिळाली असती तर चित्र वेगळे दिसले असते. हे म्हणणे आम्हांस अपुरे वाटते, कारण आफ्रिकेतल्या इतर राजधान्यांतही केंद्रसत्ता महापौराशी अशीच वागलेली दिसते. डकारचे महापौर खलिफा साल यांनी शहराच्या पतीवर रोखे काढून पैसा उभारण्याची तयारी केली होती, ती २०१५ मध्ये केंद्र सरकारने ऐन वेळी अडवली. २०१७ मध्ये त्यांना पालिकेच्या निधीच्या गैरव्यवहाराच्या आरोपाखाली अटक झाली आणि पुढे शिक्षा होऊन २०१८ मध्ये पद गेले. आरोपांत तथ्य किती याबद्दल दुमत असेल, परंतु राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीपूर्वी प्रबळ प्रतिस्पर्धी मैदानाबाहेर गेला, याबद्दल नाही. कंपालामध्ये २०१० च्या कायद्याने शहराचा कारभार राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या कार्यकारी संचालकाकडे दिला आणि निवडून आलेले लॉर्ड मेयर एरियास लुक्वागो वर्षानुवर्षे त्या संचालकाशी आणि सरकारशी झगडत राहिले. राजधानीचा मतदार विरोधकाला निवडतो, सरकार त्याचे हात बांधते, हात बांधलेला महापौर शहरासाठी काही करू शकत नाही म्हणून राष्ट्रीय पुढारी होतो. ही साखळी व्यक्तींच्या स्वभावाने तुटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. निवडणुका विश्वासार्ह नसतील, २०२३ प्रमाणे विरोधकांनी बहिष्कार टाकलेल्या निवडणुकीत अर्ध्याहून कमी मतदार मतदान करीत असतील, तर लोकांनी चौकात उतरायचे नाही तर जायचे कोठे? हा प्रश्न खरा आहे. पिवळे डबे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या तरुणांना घटनात्मक मार्गाचे प्रवचन करण्याचा अधिकार कोणासही नाही, आम्हांसही नाही. सप्टेंबरमधील आंदोलकांची मागणी साधी, न्याय्य आणि नेमकी होती. आमची चिंता त्यांच्या उतरण्याविषयी नाही; त्यांच्या उतरण्याचे फळ प्रत्येक वेळी दुसऱ्याच्याच पदरात पडते, याविषयी आहे. १९७२ मध्ये विद्यार्थी उतरले आणि सत्ता जनरलकडे गेली. २००९ मध्ये शहर उतरले आणि सत्ता सैन्याच्या हातून एका महापौराकडे गेली. २०२५ मध्ये पाणी मागणारी मुले उतरली आणि सत्ता कर्नलकडे गेली. चौकाला राज्यकर्ता हटवता येतो. नळ दुरुस्त करणे त्याच्या आवाक्यातले नाही, कारण संध्याकाळी चौक रिकामा होतो आणि नळाला रोज सकाळी कोणीतरी जबाबदार असावा लागतो.

म्हणून मादागास्करच्या नव्या सत्ताधाऱ्यांना 'निवडणुका केव्हा घेणार?' हा एकच प्रश्न विचारून भागणार नाही. तो विचारलाच पाहिजे. पण त्याच्याबरोबर काही साधे, कंटाळवाणे प्रश्नही विचारले पाहिजेत. राजधानीच्या पाण्याचा हिशेब कोण देणार? जिरामाच्या कारभारात शहराला स्थान आहे की नाही? पालिकेला स्वतःचे उत्पन्न कोणते? सरकारला न आवडणारा महापौर निवडून आला तर त्याला पाच वर्षे काम करू देणार का? आणि याच गोष्टी तोमासिनाला, फियानारांत्सोआला, तोलियाराला मिळणार का? या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर एखादा महापौर नुसता महापौर म्हणून पाच वर्षे घालवील, नळाच्या वाहिन्या बदलील आणि घरी जाईल. त्याचे नाव आपल्यापर्यंत कधी पोहोचणार नाही. अंतानानारिवोला अशा महापौराची गरज आहे, आणि गेल्या पंचवीस वर्षांत राष्ट्राध्यक्षपदावर बसलेल्या तिच्या दोन्ही माजी महापौरांनी ती ओळखली नाही.